लिंबाजीच्या विहिरीतला दगड

एका गावात एक भोळा लिंबाजी होता आणि त्याची बायको ठकू होती. नदीवरून पाणी वाहून वाहून ठकूची मान मोडायची वेळ आली, म्हणून लिंबाजीने दारात विहीर खणली. पाणी लागलं गुडघाभर. आणि त्यात दिसला सुरम्याचा काळा चकचकीत दगड.

विसाजी वैद्य म्हणाले, "यात शिसं आहे नि गंधक आहे. पाण्यात विरघळत असेल तर विहीर बुजवावी लागेल."

ठकू म्हणाली, "कळायचं कसं, वैद्यबुवा?"

"लिंबाजी, याचा तोळाभर चुरा घे. तीन दिवस पाण्यात ढवळ, गाळ, उरेल तो तोल. जेवढा कमी भरेल तेवढा विरघळला."

लिंबाजी म्हणाला, "बरं."

ढवळला, गाळला, चिंब ओला तोलला. भरला दीड तोळा!

"वैद्यबुवा, पाणीच दगडात विरघळलं की!"

"अरे शहाण्या, आधी उन्हात वाळव, मग तोल."

"बरं."

घरी ठकूने पानावर लोण्याचा गोळा दिला. "बाजारात तोलून विका." लिंबाजीने आधी तो उन्हात वाळत घातला. मग तोललं नुसतं पान.

"अहो, लोणी कुठंय?"

"कमी भरलं. म्हणजे विरघळलं."

"कशात?"

"मातीत."

ठकूने कपाळावर हात मारला. "उन्हात कसलं ठेवता! सावलीत ठेवावं."

"बरं."

झालं! चुरा गेला गोठ्याच्या सावलीत. कोंबड्यांनी तो उकरून पार उधळला. लिंबाजीने तागडी धरली आणि गावाला सांगितलं, "काहीच भरत नाही. सगळा विरघळला!"

लोक कुदळी घेऊन आले विहीर बुजवायला. ठकू काठावर आडवी बसली.

वैद्य धावले. "थांबा रे! लिंबाजी, आता विहिरीचं पाणी उकळून आटव. तळाशी उरेल ते माझ्याकडे आण. जेवढं उरेल तेवढं विरघळलेलं."

"बरं."

लिंबाजीने गुळाची काहील मागून आणली. चार दिवस चूल पेटती. घागरीमागून घागर उकळली, विहीर कोरडी केली. तळाशी काय उरलं? तो दगड. दोर बांधला, बैल जुंपले, वर ओढला आणि थेट वैद्यांच्या अंगणात.

"तोला, वैद्यबुवा. एवढा विरघळला होता!"

वैद्यांच्या हातात औषधाचा काटा. "अरे, तांब्याभर आटवायचं होतं!"

"तांब्या कुठं म्हणालात?"

तेवढ्यात ठकू आली, कमरेपर्यंत भिजलेली. "अहो, चला लवकर! दगडाखाली झरा होता. विहीर भरतेय!"

वैद्यांनी आत उतरून बघितलं. तसला दगड पुन्हा कुठे नाही, पाणी स्वच्छ. म्हणाले, "खुशाल प्या." ठकूची नदीची वाट कायमची सुटली. आता सारी आळी तिच्याच दारात पाणी भरते.

आणि लिंबाजी? तो अजून वैद्यांच्या अंगणात दगडापाशी बसलाय. म्हणतो, "नीट वाळू दे, मग तोलू."