मॅग्नसचा कान

फार फार वर्षांपूर्वीची, कॅनडाच्या थंड मुलखातली गोष्ट. तिथे नदी अर्धं वर्ष गोठलेली असते आणि माणसं बर्फावरून कुत्र्यांच्या गाडीने हिंडतात. त्या नदीच्या वळणावर एका कंपनीचं ठाणं होतं. तिथले मूळ रहिवासी, क्री लोक, रानातून बीव्हर या पाणप्राण्याची मऊ केसाळ कातडी आणायचे आणि ठाण्यावरून सुऱ्या, घोंगड्या, किटल्या न्यायचे. ठाण्याचा साहेब होता मॅग्नस हेडल.

मॅग्नस स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी बेटांवरचा. तिथे वारा इतका, की झाड म्हणून उभं राहत नाही. असं म्हणतात, की इकडे जहाजातून उतरल्यावर त्याने आधी एका झाडाला मिठी मारली. लोक हसले. पोटासाठी आलेला हा गडी हळूहळू ठाण्याचा साहेब झाला. शब्दाला पक्का, कामाला वाघ, पण चमडी गेली तरी दमडी सुटू नये असा.

त्या नदीवर नावाड्यांची एक रीत होती. ज्याचा मान करायचा, त्याच्या नावाने काठावरचं उंच झाड निवडायचं, मधल्या फांद्या तोडायच्या आणि शेंड्याचा तुरा तेवढा ठेवायचा. झाड उभं तोवर तो माणूस जिवंत, असा समज. मान मिळालेल्याने मग सगळ्यांना जेवू घालायचं. मॅग्नसच्या नावाचं झाड कोणी केलं नाही. हा कसला जेवू घालतोय!

त्याची बायको वापन ही क्री लोकांतली होती, आणि सासू निस्का शेजारीच तंबूत राहायची. तिकडे सासूने जावयाशी बोलायचं नसतं, ती बेअदबी. मग काही सांगायचं झालं की निस्का चुलीला सांगायची. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे, तिकडे चुलीला बोले, जावयाला लागे. "चुली, सरपण ओलं आहे गं," असं ती म्हणाली, की मॅग्नस मुकाट्याने कोरडं सरपण आणून टाकी.

एका हिवाळ्यात रानातले ससे नाहीसे झाले. हरणं फिरकली नाहीत. तळ्यावरचा बर्फ इतका जाड, की जाळं सोडायला भोक पडेना. ठाण्यावरचं पीठही तळाला गेलं. रानातले लोक कसेबसे येऊन ठाण्याशी बसले. कोणी काही मागितलं नाही. मागायची त्यांना लाज वाटे.

आणि कोठी मात्र कातड्यांनी गच्च भरली होती. इतका उंची माल त्या नदीने कधी पाहिला नव्हता. तो कंपनीकडे सुखरूप पोचला तर नदीवरच्या साऱ्या ठाण्यांचा कारभार मॅग्नसला मिळणार होता. अनवाणी घर सोडलेला पोरगा साहेबांचा साहेब होणार होता. बीव्हरचं कातडं केस खरवडून उकळलं तर खाता येतं, हे त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. म्हणून तर तो कोठीची किल्ली गळ्यात घालून हिंडे आणि कोणाच्या डोळ्यांत बघत नसे.

एका सकाळी निस्का त्याच्या घरात आली. पायात बळ नव्हतं, तरी आली. चुलीपाशी बसून तिने हात शेकले.

"चुली," ती म्हणाली, "मांस आम्ही खाल्लं आणि कातडी याला दिली. मांस संपलं, आता कातडीच उरली. माझं राहू दे, मी म्हातारी. पण वापनच्या पोटात बाळ आहे, आणि ती आपला वाटा शेजारच्या बाळंतिणीला देते. या घरात कोणाला दिसत नाही का गं ते?"

वापन मान खाली घालून चामड्याचा जोडा शिवत होती. मॅग्नसने तिच्याकडे नीट पाहिलं. गाल बसले होते.

"मला सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"तुझ्या गळ्यात किल्ली होती," ती म्हणाली.

त्याची मान शरमेने खाली गेली. मग त्याने किल्ली काढली आणि कोठी उघडली. कातडी खरवडली, किटल्या चढल्या. असं म्हणतात, की त्या वाफेचा खांब आभाळाला भिडला आणि वाट चुकलेली माणसं तो बघून ठाण्याला पोचली. असंही म्हणतात, की रोज उपसला तरी कातड्यांचा ढीग बर्फ वितळेपर्यंत सरला नाही. त्या हिवाळ्यात ठाण्यावर कोणी मेलं नाही. वापनला मुलगी झाली.

नदी मोकळी झाल्यावर कंपनीचा मोठा साहेब आला. कोठीत कुजलेल्या केसांचा ढीग तेवढा होता. त्याने मॅग्नसला त्याच दिवशी कामावरून काढलं.

मॅग्नस बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन नावेत बसला. पहिल्याच वळणावर नावाड्यांनी नाव काठाला लावली. त्यांचा म्होरक्या पास्काल सगळ्यांत उंच झाडावर चढला आणि कुऱ्हाड चालवू लागला. मॅग्नस ओशाळला.

"अरे, जेवू घालायला माझ्याकडे काही नाही."

"जेवलो की, साहेब," पास्काल वरून म्हणाला. "हिवाळाभर जेवलो."

निस्का काठाकाठाने तिथवर चालत आली होती. तिने जावयाकडे पाहिलं नाही. झाडावर हात ठेवून म्हणाली, "झाडा, पडू नकोस रे बाबा."

मॅग्नस पुढे कुठे गेला, कोणालाच माहीत नाही. त्या झाडावर वीज पडली, वणवा त्याच्या बुंध्यापर्यंत येऊन गेला, पण असं म्हणतात, की ते अजून उभं आहे. ठाण्याचं आता गाव झालं आहे. त्या गावात भुकेल्याने मागायचं नसतं. कोणाच्याही घरात जावं, चुलीपाशी बसावं आणि चुलीला सांगावं. ऐकणाऱ्याने उठून फडताळ उघडायचं, काही विचारायचं नाही. याला तिथे मॅग्नसचा कान म्हणतात. हल्ली घरोघरी विजेच्या शेगड्या आल्या आहेत. लोक त्यांना सांगतात.