कडेचे तुकडे

"मग घर कुणाचं म्हणायचं हे, अप्पा? तुम्हीच सांगा."

असं म्हणून महानंदाबाईंनी हातातली भलीमोठी वही धपकन अप्पांच्या पुढं ठेवली. नमस्कार राहिलाच होता. आठवण झाली तशा मग वाकल्या.

मठाचे महाराज अप्पा डाळ निवडत होते.

आमच्या मठाची ही रीतच आहे. रिकामा माणूस दिसला की त्याच्या पुढं सूप येतं. दर्शनाला आलेला असो की भांडण घेऊन आलेला, आधी डाळ निवडायची, मग बोलायचं. मी त्या दिवशी जरा पाठ टेकावी म्हणून गेलो होतो, तर माझ्याही पुढं सूप आलं. म्हणून ही गोष्ट मला ठाऊक आहे. ऐकीव नाही.

अप्पांनी वहीकडं बघितलं नाही.

"तुझं घर न्हवं, असं कोण म्हणालं?"

"बाबा."

"काय म्हणाले?"

"सगळी पानं बघितली. चष्मा पुसून पुसून बघितली. मग वही मिटली आणि म्हणाले, छान झालंय गं, पण हे आपलं घर न्हवं. एवढंच. पुढं विचारायला गेले तर भिंतीकडं तोंड करून झोपले."

बाईंच्या बोलण्यात दुःखापेक्षा राग जास्त होता. खरं सांगायचं तर मला आधी गंमतच वाटली. महानंदाबाई म्हणजे आमच्या तालुक्यात नावाजलेल्या. लोकांचे जुने फोटो घ्यायचे, ते कापून, सजवून, रंगीत कागदांवर चिकटवून घराघराच्या आठवणींच्या अशा वह्या करायच्या, हा त्यांचा उद्योग. शिकवतातही. त्यांच्या वर्गाला जागा मिळत नाही म्हणे. नाकावर माशी बसू न देणारी बाई, आणि घरच्याच म्हाताऱ्यानं नापास केली.

"ह्याला स्क्रॅपबुक म्हणतात, अप्पा. नुसता आल्बम न्हवे."

"बरं."

"दोन वर्षं खपले मी ह्याच्यापायी. रविवारी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. एक्क्याऐंशी पूर्ण झाली त्यांना. सगळा गोतावळा यायचाय. त्या सगळ्यांसमोर ही वही त्यांच्या हातात द्यायची होती मला. आता म्हणतात, ही वही तिथं आणलीस तर मी पाटावर बसायचा नाही."

"असं म्हणाले?"

"बाबा कधी आवाज चढवत नाहीत, अप्पा. हे मोठ्यानं म्हणाले."

अप्पांच्या बोटाला एक खडा लागला. तो त्यांनी बाजूला टाकला.

"तुम्ही त्यांची समजूत घाला. तुमचं ऐकतील. पहिलं पान मी तुमच्या आशीर्वादासाठी कोरं ठेवलंय."

...

बाईंनी स्वतःच वही उघडली. मीही मान लांब केली.

खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं. आईवडिलांचं लग्न पिंपळपानात बसवलेलं. धाकट्या भावाचं बारसं चंद्राच्या कोरीत. हुरडा खायला सगळे शेतावर गेलेले, त्याला कणसाचा आकार. प्रत्येक चेहरा नेमका मधोमध, भोवती सोनेरी कड. मला माझ्या घरच्या ट्रंकेतले मळके फोटो आठवले आणि थोडी लाज वाटली.

"चेहरा मध्ये पाहिजे," बाई म्हणाल्या. आता त्यांचा वर्गातला आवाज लागला होता. "कडेचा पसारा काढून टाकला की माणूस उठून दिसतो. हे मी पहिल्याच दिवशी शिकवते. चिकटवायला काय, कुणालाही येतं. कात्री चालवता आली पाहिजे."

"कडेचं काय केलंस?"

"कशाच्या कडेचं?"

"जे कापलंस त्याचं."

बाईंनी पिशवीतून एक फुगलेली कॅरीबॅग काढली. "तेही आणलंय. फोटो आहेत, केरात कसे टाकायचे? पायाखाली येतात. म्हटलं, मठात निर्माल्याचा खड्डा आहे, तिथं टाकून येऊ."

अप्पांचा हात थांबला. आल्यापासून पहिल्यांदाच.

"आण इकडं."

त्यांनी आपल्या सुपातली डाळ माझ्या सुपात ओतली. मला विचारलं नाही. रिकाम्या सुपात ती कॅरीबॅग उपडी केली. फोटोंच्या पट्ट्या, कोपरे, कपचे, सगळ्याचा ढीग पडला. ते सूप अप्पांनी बाईंच्या पुढं सरकवलं.

"निवड."

"ह्यात काय निवडू?"

"डाळ एकीकडं, खडे एकीकडं."

"अप्पा, हा नुसता कचरा आहे."

"मग लवकर होईल."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी डाळीत डोकं घातलं. मठात आलेल्या माणसाला अप्पांपासून कुणी वाचवत नाही.

त्या निवडायला बसल्या. आधी फणकाऱ्यानं. भिंतीचा तुकडा, टाकला. मांडवाचा खांब, टाकला. कुणाच्या तरी सायकलचं चाक, आभाळ, शेळीचा कान, सगळं टाकलं. मग एक तुकडा हातात राहिला.

"हे बारशातलं. बाळाला खालून कुणीतरी धरलंय. हात तेवढा आलाय."

"कुणाचा?"

"काय की."

तो तुकडा त्यांनी डाळीच्या बाजूला ठेवला.

"हे हुरड्याचं. कुणीतरी आरातल्या निखाऱ्यांतून कणीस काढून पुढं करतंय." तोही ठेवला. "हे माझ्या लग्नातलं. मागून कुणीतरी माझा शालू सावरतंय. बघा, पदर धरलाय."

"कुणी?"

ह्या वेळी बाई "काय की" म्हणाल्या नाहीत.

आता त्या सावकाश निवडू लागल्या. एकेक तुकडा उजेडाला धरून बघायच्या. पंगतीत वाढणारा हात. झोपलेल्या पोराचं पांघरूण सावरणारा हात. परीक्षेला निघालेल्या मुलीच्या तळहातावर दही देणारा हात. सुपाच्या एका अंगाला हातांची रांग लागली. कुठंच चेहरा नाही, फार तर पांढऱ्या लुगड्याचा काठ.

मला दिसलं ते त्यांनाही दिसलं असणार. त्या काळातल्या फोटोत बायकांचे हात कोपरापर्यंत भरलेले असतात. ह्या एका हातात बांगडी नव्हती. एकाही तुकड्यात नव्हती. आमच्याकडं बाईचा हात मोकळा असला की त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही.

...

"गुणाआत्या," बाई म्हणाल्या.

त्यांच्या वडिलांची थोरली बहीण. ऐन विशीत नवरा गेला, भावाच्या घरी आली, ती कायमचीच. भावाची सगळी पोरं तिनंच न्हाऊमाखू घातली, हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे.

"मी मुद्दाम नाही केलं, अप्पा."

"ठाऊक आहे."

"फोटोवाला आला की ती आपणच सरकायची. कुणी सांगावं लागायचं नाही. आई म्हणायची, उभ्या राहा की वन्सं. तरी ही आपली कडेला. शुभकार्यात आपली सावली नको, म्हणायची. मग प्रत्येक फोटोत ती अर्धीच यायची. कान नाहीतर कोपर. चौकटीत बसतच नव्हती. अर्धं माणूस बरं दिसत नाही, म्हणून मी..."

बोलता बोलता त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. मग रडल्या. मोठी माणसं चारचौघांत रडायला लागली की मला कुठं बघावं कळत नाही. मी डाळ निवडत राहिलो. निवडलेलीच परत निवडली.

अप्पांनी रडू दिलं.

"वही तिनं बघितली?"

"सगळ्यांच्या आधी तिलाच दाखवली. मला वाटलं, तिला आनंद होईल."

"मग?"

"सगळी पानं बघितली. म्हणाली, तुझी आई किती गोड दिसतीय गं."

...

"बाबांनी मला सरळ सांगायचं होतं," बाई म्हणाल्या. "तिचं नाव घ्यायचं होतं. मी काय ऐकलं नसतं?"

"कुठल्या तोंडानं घेईल? त्याच्या लग्नात बहीण कुठं होती?"

"...चुलीपाशी."

"तेव्हा कात्री तुझ्या हातात नव्हती."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. आणि बघता बघता त्यांच्यातली महानंदाबाई परत आली.

"आता करते, अप्पा. आजच करते. तिचं वेगळं पान. सगळ्यात पुढं. हे हात मधोमध लावते, गोलाकार, भोवती सोनेरी वेल. ही बोटं जरा जास्त बाहेर येतायत, ती तेवढी..."

पिशवीतून कात्री निघालीसुद्धा. सवय वाईट.

अप्पांनी तळहात पुढं केला. बाई क्षणभर तशाच बघत राहिल्या, मग कात्री त्यांच्या हातावर ठेवली. अप्पांनी ती मागं भिंतीतल्या दिवळीत ठेवून दिली. ती अजून तिथंच आहे. आम्ही तिनं दुधाच्या पिशव्या कापतो.

"आत्या गेली का?"

"काय बोलताय, अप्पा? घरी आहे की. मागच्या खोलीत असते."

"मग पान कशाला?"

अप्पांनी माझ्या सुपातून आपली डाळ ओंजळीनं परत घेतली, पुढ्यात कापडावर पसरली आणि निवडायला लागले. मला वाटलं, झालं, संपलं. उठायच्या बेतात होतो.

"रविवारी दिवे कोण ओवाळणार?"

"मी. दोघी वहिन्या. आणि मामी, मावशी. पाच सुवासिनी सांगितल्यात."

"बहीण?"

...

भावाला बहिणीनं ओवाळावं, ह्यात खरं म्हणजे विचारण्यासारखं काय आहे? पण त्या एका शब्दानं मला माझी मोठी बहीण आठवली. तीही अशीच विधवा होती. माझ्या मुलीच्या लग्नात ती कुठं उभी होती, हे मला त्या दिवशी काही केल्या आठवेना. फार वाईट वाटलं.

"लोक काय म्हणतील, अप्पा?" बाई हळूच म्हणाल्या. पण ते त्यांनी सवयीनं म्हटलं. त्यांची नजर सुपातल्या हातांवर होती.

अप्पा निवडत राहिले.

बाईंनी एकेक करून ते तुकडे उचलले. पदराच्या टोकात ठेवले, गाठ मारली. भिंत, खांब, आभाळ, सगळं सुपातच राहिलं. वही मिटली. पहिलं पान कोरंच होतं, त्याबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

"ताट मी तिच्या हातात देईन. सगळ्यांसमोर देईन. कुणी काही बोललं तर बघून घेईन. पण ती घ्यायची नाही, अप्पा. मी तिला ओळखते. मी ताट पुढं केलं की ती मागं सरेल. जन्मभर सरलीय. सरत सरत पार चुलीपर्यंत जाईल."

"मग बापाचा पाट चुलीपाशी मांड."

बाई बघतच राहिल्या. डोळे भरलेले, आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू. मग कपाळाला आठी पडली. शेवटी धंदा तो धंदा.

"स्वयंपाकघर एवढंसं आहे, अप्पा. तिथं सगळे फोटोत मावायचे नाहीत. कुणीतरी कापलं जाणारच."

अप्पांनी डाळीतून मान वर केली नाही.

"फोटोवाल्याला म्हणावं, आता जरा तू मागं सर."