हॅरोडच्या नदीतला एकटा खांब

हॅरोड गावाकडे जाताना नदीच्या मधोमध एक दगडी खांब लागतो. वर पूल नाही, जोडीला दुसरा खांब नाही. पाहुण्यांनी विचारले की म्हातारी नावाडीण हेस्टर वल्हे आवरते आणि सांगू लागते.

दीडशे वर्षांपूर्वी इथे जोसाया थॅचर नावाचा लाकडाचा व्यापारी होता. घर गावात, वखार अलीकडच्या काठावर. सकाळी शब्द दिला की संध्याकाळी काम झालेले, असा त्याचा लौकिक. एका वसंतात बर्फ वितळून नदी फुगली आणि त्याच्याकडे येणारी बायको, मर्सी, होडीसकट बुडाली. अलीकडच्या काठावर तिला माती देताना त्याने शपथ घेतली म्हणे, "इथे पूल बांधीन. घरी जाईन तो पुलावरूनच."

पलीकडे त्याची लेक ॲबिगेल होती. आत्या तिला होडीत पाऊल ठेवू देईना.

पुलाला राज्याची मंजुरी हवी होती. अर्ज करकरून थकला, तेव्हा थॅचरने वखार विकली, निवडणूक लढवली आणि चक्क गव्हर्नर झाला. गाव हरखले. आता पूल झालाच!

पण वखारीत 'उचला' म्हटले की ओंडका हलायचा. राजधानीत समिती नेमली जायची. एका वर्षी ठराव लांबणीवर पडला. पुढच्या वर्षी नकाशा मागितला, तो दिला तर दुसरा मागितला.

"मी गव्हर्नर आहे की टपालवाला?" तो चिटणिसावर कडाडला.

"सही तुमची आहे, साहेब," चिटणीस म्हणाला, "पण हात सभागृहातल्या सभासदांचे वर व्हायला हवेत."

चौथ्या वर्षी लेकीचे एका ओळीचे पत्र आले : "बाबा, पूल राहू द्या. तुम्ही या."

शेवटी कशीबशी मंजुरी मिळाली, पण मुदत संपेतो एकच खांब उभा राहिला. नव्या गव्हर्नरने काम थांबवले. पूल पुढे झाला तो दहा मैल वर, भलत्याच गावाला. काम थांबले त्या दिवशी थॅचर दिवसभर दातओठ खात अलीकडच्या काठावर बसून राहिला. पलीकडे उंच झालेली एक मुलगी उभी होती. त्याने तिला आधी ओळखलेच नाही, असे सांगतात. ओळखले, तसा तो उठला, नावाड्याच्या हातातले वल्हे हिसकावले आणि स्वतः नदी कापत गेला.

"शपथ मोडलीत," कुणीतरी म्हणाले.

"मोडली," लेकीचा हात धरून तो म्हणाला. "पुन्हा कुणी इथे वचन द्यायला आला, तर आधी त्याला ही नदी वल्हवू द्या."

आजही मते मागायला येणाऱ्याला हॅरोडचे लोक काठावरच अडवतात आणि हातात वल्हे देतात.

"पोचतात बरेच," हेस्टर म्हणते. "भाषणाला दम उरत नाही."