द्रौपदीला विमानतळावर अडवलं

मालवणची द्रौपदी तारकर लंडनच्या टीव्हीवर कायम चोरट्या बायकांच्याच भूमिका करायची. सुट्टीहून लंडनला परतली, तर विमानतळावरच्या साहेबाने तिचा पासपोर्ट उजेडाला धरून उलटासुलटा केला.

“ओळखलं तुला! टीव्हीवर खोटे पासपोर्ट विकतेस. हाही त्यातलाच. चल, माघारी फिर!”

 उद्या नव्या मालिकेच्या शूटिंगला द्रौपदी पोचली नाही, तर काम दुसरीला जाणार. तरी कमरेवर हात ठेवून तिने विचारलं, “त्या मालिकेचा शेवटचा भाग बघितलात ना? काय झालं माझं?”

“पोलिसांनी गोळी घातली. जागीच मेलीस!”

“मग साहेब, टीव्हीवरचं खरं असेल, तर तुम्ही मुडद्याशी भांडताय. खोटं असेल, तर मारा शिक्का!”

मागची रांग खो खो हसली. साहेबाने तिला पुन्हा एकदा संशयाने न्याहाळलं आणि शिक्का हाणला.