कणगीचा उपास

“चोरून खात नसतील, तर एवढ्या फुगल्या कशा?”

वैजनाथने विचारले. आवाज खाली ठेवायची तसदी त्याने घेतली नाही. केवळबाई ओसरीवर आडव्या पडल्या होत्या आणि त्यांना सगळे ऐकू येत होते.

 भुजंगबुवा केवळबाईंच्या उशाशी बसून पेल्यात गूळ विरघळवत होते.  

“घे,” ते केवळबाईंना म्हणाले. “अजून एक घोट.”

तेरणा नदीच्या काठी बुवांचा लहानसा मठ होता. केवळबाई तिथे एकोणीस वर्षे भाकऱ्या थापत होत्या. अंगाने फार जड. गेल्या वर्षापासून रक्तात साखर निघाली होती आणि रोज सकाळी गोळी चालू होती.

वैजनाथ हा मठातला थोरला शिष्य. आठवड्याला दोन कडक उपास करी. बरगड्या दिसत, आणि त्या दिसाव्यात म्हणून थंडीतही तो उघडाच फिरे. दिवाळीपासून मुदपाकाची, म्हणजे स्वयंपाकघराची, किल्ली त्याच्याकडे होती.

त्या दुपारी पंगत बसली, तेव्हा त्याने केवळबाईंना चाळीस माणसांसमोर उभे केले होते. यापुढे एकवेळच जेवीन अशी शपथ घ्या, मगच ताट मिळेल, असे सांगितले होते. केवळबाई शपथ घेईनात. ताक वाढून झाले, पंगत उठायला आली, तरी त्या उभ्याच होत्या. सकाळची गोळी पोटात आणि वर अन्नाचा कण नाही.

मग रक्तातली साखर एकदम उतरली आणि त्या खांबाला धरत धरत खाली कोसळल्या.

“संयम नाही,” वैजनाथ म्हणाला. “एवढंच दुखणं आहे. मी उपास करतो. मला का होत नाही साखर?”

“तुझी भाकरी कोण थापतं रे, उपास सुटतो त्या दिवशी?” केवळबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. “पाच खातोस. मी कधी मोजल्या का?”

“बघा बुवा. कशी बोलते.”

“कमी खा म्हणून डॉक्टरीणबाईंनीबी सांगितलंय मला. कमी खातेच मी. पण गोळी घेऊन उपाशी राहू नका, असंबी सांगितलंय. तुला सांगत होते ते. तू ऐकलंस का, वैजूमहाराज?”

वैजनाथ बुवांकडे वळला.

“बुवा, शपथ घ्यायची नसेल तर बाईंनी गावी जावं. मठात असलं उदाहरण नको.”

बुवा उठले.

“संध्याकाळच्या भाकरीला ज्वारी काढ,” ते म्हणाले.

“मी?”

“बाई पडून आहे. किल्ली तुझ्याकडे आहे.”

मुदपाकाच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीची कणगी होती. तुरीच्या काड्यांची विणलेली, शेणामातीने लिंपलेली. धान्य वरून ओतायचे. बुडाशी मूठभर भोक असते, त्याला चिंध्यांचा बोळा. बोळा काढला की ज्वारी आपोआप सुपात येते.

वैजनाथने सूप ठेवले आणि बोळा ओढला.

चार दाणे पडले.

त्याने भोकात काडी घातली. आणखी दोन पडले. त्याने कणगीवर थाप मारली, मग बुक्की मारली, मग लाथ मारली.

“गच्च भरली आहे. परवाच दोन पोती ओतली. आणि एक सूप देत नाही.”

“चोरून खाल्लं असेल तिनं,” बुवा कणगीकडे बघत म्हणाले.

वैजनाथने वळून पाहिले.

“बघतोस काय? केवढी फुगली आहे बघ. संयम नाही तिला.” बुवांनी दाराआडची काठी उचलली आणि त्याच्या हातात कोंबली. “मार. पंगतीपुढं उभी कर. शपथ घ्यायला लाव.”

“बुवा…”

“आणि उद्यापासून वरून दाणा बंद. उपास घाल तिला.”

“उपासानं काय होणार?” वैजनाथ चिडून म्हणाला. “खालचं तोंड बुजलंय. आत आहे ते बाहेर यायला वाट नाही, तर वरून बंद करून…”

तो थांबला.

बुवा थांबले नाहीत. त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला कणगीच्या मागे, भिंतीच्या बाजूला नेले.

“ही बाजू कोणी लिंपली?”

वैजनाथने अंगठ्याने एक काडी दाबून पाहिली.

“दसऱ्याला लिंपायचं काम कुणाचं होतं?”

“माझं.”

“पुढून लिंपलीस. लोकांना दिसते तेवढी.”

मागे काड्या उघड्या पडल्या होत्या. भिंतीची ओल आत शिरली होती. आतल्या दाण्याचे जाळे धरून ढेकूळ झाले होते आणि त्याने खालचे भोक हळूहळू बुजत आले होते. तरीही वरून पोती पडतच राहिली. मग मावेना तेवढी ज्वारी फटीतून बाहेर आली होती. ती सरपणात गेली होती, रांजणाखाली गेली होती. तिथे भिजून, मोड येऊन कुजली होती.

रांजणाच्या बुडाशी मुठीएवढी पांढरी, बुरशीची लोकर धरलेली गाठ होती. बुवांनी काठी परत घेतली आणि ती गाठ फोडली. आत अळ्या वळवळत होत्या.

वैजनाथने नाकाला उपरणे लावले.

“काढ ते,” बुवा म्हणाले. “वास घे.”

त्याने काढले.

“बाईला दवाखान्यात घेऊन मी गेलो होतो. डॉक्टरीणबाईनं मला बसवून सांगितलं, तू ऐक. खाल्लेलं चरबी होऊन अंगात साठतं. वेळेला ते सुटून कामाला यायला हवं. तिच्या अंगात हेच बिघडलंय. साठतं आणि सुटायच्या वेळी सुटत नाही. मग नको तिथं सांडतं. यकृतात जातं, मांसात जातं. तिथली कामं अडतात, साखर रक्तात फिरत राहते. घर भरलेलं, आणि अंग भुकेलं. ती भूक खोटी नव्हे, वैजनाथ. तू तिला संयम नाही म्हणालास.”

“मला माहीत नव्हतं.”

“माहीत नव्हतं, तर विचारायचं होतंस. शिक्षा कशी माहीत होती?”

बाहेर ओसरीवर केवळबाई उठून बसल्या होत्या.

“कणगीला ओल लागलीय म्हणून तीनदा सांगितलं मी त्याला,” त्या म्हणाल्या. “तर म्हणाला, तुम्हीच खाऊन संपवाल, ओल लागायला उरतंय काय.”

मुदपाकातले दोघे पोरगे हसले होते तेव्हा. वैजनाथला आठवले.

बुवा फुटलेल्या गाठीकडे पाहत होते.

“चंपा माहीत आहे तुला? बाईची थोरली बहीण. अशीच जड होती. तिच्या गर्भाशयात गाठ निघाली. असल्या बिघडलेल्या अंगात गाठी लवकर धरतात म्हणे. ती रक्त जातंय म्हणून सांगत होती, तर घरचे म्हणाले, खाणं कमी कर. दोन वर्षं हेच म्हणाले. सरणावर ठेवली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, हिला लाकडं जास्त लागतील.”

बुवांनी काठी भिंतीला टेकवली.

“लोक हसले. मी तिथंच उभा होतो, भगवं नेसून. मी काही बोललो नाही.”

त्यांनी काठीकडे बोट केले.

“आज पंगतीत तू बोलत होतास, तेव्हा मी नदीवर होतो. तिथं असतो, तर ही काठी तुझ्या पाठीवर पडली असती.”

वैजनाथ खाली बसला. त्याने भोकात हात घातला. मनगट गेले, मग कोपर गेले. काड्यांनी कातडी सोलली. तो बोटांनी ढेकूळ फोडत होता, मूठमूठ बाहेर काढत होता. जाळे, भुसा, काळे पडलेले दाणे.

उन्हे कलली.

कधीतरी आत काहीतरी सरकले, आणि स्वच्छ पिवळी ज्वारी सुपात सळसळत आली. सूप भरले. त्याने बोळा लावला.

चुलीजवळ जाऊन त्याने कमरेची किल्ली सोडली आणि बुवांच्या पायाशी ठेवली. बुवांनी ती उचलली नाही.

“बाईंना काय सांगू?” त्याने विचारले.

“काही सांगू नकोस. विचार.”

“काय?”

“जेवलात का.”

वैजनाथ दारापर्यंत गेला. ओसरीवर केवळबाई त्याच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. तो परत वळला.

“त्या बोलल्याच नाहीत तर?”

“उभा राहा.”

“किती वेळ?”

बुवांनी सूप हातात घेतले आणि ते ज्वारी पाखडायला लागले.

“ती उभी होती तेवढा.”