उंबऱ्यावरची नीळ

राजे हत्तीवरून फिरत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट. एका नदीकाठी रंगाऱ्यांची वस्ती होती. तिथे रखमाजी नावाचा एक रंगारी राहत असे. हात मोठा कसबी, पण मनात एक काटा.

तो काटा म्हणजे अंतोबा. दोघे एकाच आळीत वाढले, एकाच उस्तादाकडे कापड रंगवायला शिकले. पुढे राजाने अंतोबाला गावचा कारभारी नेमले. रखमाजीची आई मरेपर्यंत म्हणत राहिली, "त्या अंतोबाकडे बघून तरी शीक रे!" आई गेली, ते वाक्य काही गेले नाही. लोक अंतोबाला वाकून रामराम करत, तेव्हा रखमाजी तोंड फिरवून दुसऱ्या वाटेने जाई.

एकदा राजाचा हुकूम आला. नदीचा घाट यापुढे हत्ती धुण्यासाठी. मग रंगाऱ्यांनी कापड धुवायचे कुठे? सगळी वस्ती चावडीवर जाऊन बसली.

अंतोबाने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, "तुमचं म्हणणं खरं आहे. पुनवेला दरबार आहे, मी स्वतः जाऊन राजापुढे मांडतो. पुढचा दरबार एकदम वर्षानं, तेव्हा ही वेळ चुकवणार नाही."

लोक सुखावले. रखमाजी तेवढा जळला. घाट सुटला, तर जयजयकार कुणाचा? पुन्हा अंतोबाचाच!

दुसऱ्या दिवशी तो घरोघर फिरला. "गोड बोलून वाटेला लावलंय आपल्याला. चावडीवर बसून काय होतंय? त्याच्या दारात जाऊ. घर हललं, की तोही हलेल."

"घरी त्याची म्हातारी आई आहे," एक रंगारीण म्हणाली. "तिनं काय केलंय?"

"आपल्या पोरांनी तरी काय केलंय?" रखमाजी म्हणाला. लोकांनी ढोल उचलले.

चार दिवस अंतोबाच्या दारात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ढोल वाजले. अंतोबा बाहेर येऊन हात जोडी. "अरे, चावडीवर या, दिवसभर ऐकतो. इथं आई आजारी आहे."

त्याला असे हात जोडताना पाहून रखमाजीला जे सुख झाले, ते आयुष्यात कधी झाले नव्हते. तेही पुरेना. पाचव्या दिवशी त्याने निळीची घागर आणली आणि त्या घराच्या उंबऱ्यावर ओतली.

आवाज सोसेना म्हणून म्हातारी भिंत धरत धरत दाराशी आली. "रखमा, तू?" एवढेच बोलली. ओल्या निळीवरून तिचा पाय घसरला आणि ती पायरीखाली पडली. कमरेचे हाड मोडले.

ढोल थांबले. माणसे खाली माना घालून एकेक करत निघून गेली.

पुनव आली. अंतोबा आईच्या उशाशी बसून होता. दरबारात रंगाऱ्यांची बाजू मांडायला कुणीच नव्हते. गावात बोलणे निघे ते म्हातारीच्या पडण्याचे, घाटाचे नाव कुणी काढीना. हत्ती घाटावर आले ते पुढच्या दरबारापर्यंत, वर्षभर राहिले. रंगारी ओल्या कापडांची ओझी डोक्यावर घेऊन कोसभर लांबच्या डोहावर जाऊ लागले. रखमाजीही जाई. वाटेने त्याच्यासोबत कुणी चालत नसे, आणि या वेळी दोष द्यायला त्याला अंतोबाही सापडत नसे.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात धरा: गाऱ्हाणे न्यायाच्या जागी न्यावे, मत्सराने ते कुणाच्या घरावर नेले, की खरे गाऱ्हाणेही खोटे पडते.