पाणी स्वच्छ निघेपर्यंत

गुहागरकडच्या अनसूयाकाकू मातीच्या दोन खोल्या शेणाने सारवून पर्यटकांना भाड्याने देत. दिवाळीच्या तोंडावर तपासनीस ढवळे साहेब आले.

"काकू, नवा नियम. पाहुणा गेला की जमीन धुवायची, पाणी स्वच्छ निघेपर्यंत! नाहीतर परवाना नाही. दिवाळीत खोल्या बंद."

"अहो साहेब, जमीन मातीची आहे."

"मातीची असो नाहीतर सोन्याची. माझ्यासमोर धुवा!"

काकूंनी पदर खोचला आणि साहेबांच्या पायाशी घागर ओतली. चिखल झाला. दुसरी ओतली. साहेबांचे बूट रुतले.

"अहो, किती वेळ चालणार हे?"

"पाणी स्वच्छ निघेपर्यंत. तोवर पाताळ लागेल. शिडी देते, खाली उतरून तपासा."

साहेबांनी चिखलात उभ्याउभ्याच परवान्यावर सही केली.